पाठ एकाचा, विचार अनेकांचा

दिवेलागण होऊन घटका उलटली आहे. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो आहे, ओसरीवर मुले पाढे म्हणत आहेत, आणि माजघरातल्या दिव्याखाली प्राथमिक शाळेतील एक बाई उद्याच्या पाठाचे टाचण लिहीत बसल्या आहेत. विषय : गणित. घटक : हातच्याची वजाबाकी. उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, प्रस्तावना, विवेचन, सराव, गृहपाठ असे सारे रकाने त्या वळणदार अक्षरात भरतात. उद्या मुख्याध्यापक वहीवर सही करतील आणि वही मिटेल. पाठ झाल्यावर मात्र मुलांना तो समजला का, न समजला तर नेमका कोठे अडला, पुढच्या वर्षी तो निराळ्या रीतीने कसा मांडता येईल, हे त्यांना विचारणारे कोणी नाही. त्यांनी स्वतः विचारायचे ठरवले, तरी कोणाला विचारावे, हा प्रश्नच आहे.

गवई मैफलीत बसतो तेव्हा समोर जाणकार असतात आणि शेजारी साथीदार असतात. शल्यवैद्य शस्त्रक्रिया करतो तेव्हा त्याचे सहकारी त्याच्या हाताकडे पाहत असतात. वकिलाचा युक्तिवाद भर कचेरीत होतो. शिक्षक मात्र तीस-पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त होतो, आणि त्याचा एकही संपूर्ण पाठ शेजारच्या वर्गातील शिक्षकाने पाहिलेला नसतो. अध्यापक विद्यालयात असताना सराव पाठ झाले, मागच्या बाकावर बसून कोणी टीपा घेतल्या, तेवढेच. त्यानंतर वर्गात परका माणूस आला तर तो तपासणीसाठीच, अशी शिक्षकाची खूणगाठ पक्की झालेली असते. दिवसभर पन्नास मुलांत वावरणारा हा माणूस आपल्या विद्येच्या बाबतीत एकटाच असतो.

हा एकटेपणा दूर करण्याचा एक मार्ग जपानच्या शिक्षकांनी शतकाहून अधिक काळ चालवून दाखवला आहे. त्याला तिकडे 'ज्युग्यो केन्क्यू' म्हणतात. 'ज्युग्यो' म्हणजे पाठ आणि 'केन्क्यू' म्हणजे अभ्यास किंवा संशोधन. आपण त्याला 'पाठ-संशोधन' म्हणू या. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, त्यांच्यापैकी एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे तो पाहतात, आणि मग सर्व जण बसून त्याची चिकित्सा करतात. सांगायला हे फार सोपे आहे. त्यामागील विचार मात्र समजून घेण्यासारखा आहे.

पंतोजींच्या शाळेपासून वर्गापर्यंत

आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर प्रत्येक मुलगा आपापले अक्षर गिरवीत असे आणि पंतोजी एकेकाला जवळ बोलावून धडा देत. जपानमधील 'तेराकोया' नावाच्या जुन्या शाळांची रीतही बरीचशी अशीच होती. एका शिक्षकाने फळ्यापाशी उभे राहून चाळीस मुलांना एकाच वेळी एकच गोष्ट शिकवायची, ही कल्पना त्या शिक्षकांना अपरिचित होती.

१८७२ साली जपानने देशव्यापी शिक्षणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी टोकियो येथे शिक्षक तयार करणारी शाळा काढली. तेथे मॅरियन स्कॉट या अमेरिकन अध्यापकाला नेमण्यात आले. फळा, भिंतीवरचे तक्ते आणि संपूर्ण वर्गाला एकत्र शिकवण्याची पद्धत या मार्गाने जपानी शाळांत शिरली. आता ही नवी कला शिकायची कशी? सुतारकाम किंवा विणकाम जसे पाहून शिकतात, तशीच तीही पाहून शिकावी लागली. अध्यापक विद्यालयांना जोडलेल्या शाळांत पाठ होऊ लागले, दुसऱ्या शाळांतील शिक्षक ते पाहायला येऊ लागले, आणि पाठ संपल्यावर त्यावर चर्चा करण्याचा प्रघात पडला. आरंभी वरून ठरलेली पद्धत खाली पोचवण्याचा हेतू त्यात बराच होता. पुढे शिक्षकांनी ही प्रथा आपलीशी केली आणि आपल्याला पडलेल्या प्रश्नांसाठी ती वापरली.

जपानबाहेरच्या जगाचे लक्ष तिच्याकडे फार उशिरा गेले. १९९० नंतरच्या दशकात गणित व विज्ञान यांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीबरोबर जर्मनी, जपान व अमेरिका या तीन देशांतील आठव्या इयत्तेच्या गणिताच्या २३१ तासांचे चित्रीकरण करण्यात आले. ते तास अभ्यासून जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. शिकवण्याची रीत ही त्या त्या समाजाची सवय असते, एखाददुसरा हुशार शिक्षक नेमून ती बदलत नाही, तिच्यात सर्वांनी मिळून हळूहळू सुधारणा करावी लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशी सुधारणा घडवणारी व्यवस्था म्हणून त्यांनी जपानच्या पाठ-संशोधनाचे वर्णन केले आणि मग अनेक देशांचे शिक्षक त्याकडे वळले.

टाचणातील एक जादा रकाना

पाठ-संशोधनाचे काम काही आठवडे चालते. एका इयत्तेचे किंवा एका विषयाचे चार-सहा शिक्षक एकत्र येतात. आपल्या मुलांना कोणती गोष्ट अवघड जाते, हे ते प्रथम ठरवतात. मग 'क्योझाई केन्क्यू', म्हणजे पाठ्यवस्तूचा अभ्यास, सुरू होतो. निरनिराळी पाठ्यपुस्तके समोर ठेवून तोच घटक प्रत्येकाने कसा मांडला आहे ते ताडून पाहतात. मागच्या इयत्तेत मुले काय शिकून आली आणि पुढच्या इयत्तेत त्यांना याचा कोठे उपयोग होणार, याचाही विचार करतात. नंतर पाठाचे टाचण लिहितात.

या टाचणात आपल्याकडे सहसा न आढळणारा एक रकाना असतो. शिक्षकाने कोणता प्रश्न विचारायचा हे एका रकान्यात, आणि त्यावर मुले काय काय उत्तरे देतील हे दुसऱ्यात. बरोबर उत्तरे तर लिहायचीच, पण चुकीची, अर्धवट आणि विचित्र वाटणारी उत्तरेसुद्धा लिहायची, आणि तशी उत्तरे आल्यास आपण काय करायचे तेही ठरवायचे. हा रकाना एकट्याने भरणे कठीण आहे. ज्याने पहिलीला दहा वर्षे शिकवले त्याला मुलांच्या दहा चुका ठाऊक असतात, नव्या शिक्षकाला त्यांतली एकही ठाऊक नसते. चार जणांचा अनुभव एकत्र आला म्हणजे तो रकाना भरतो, आणि तो भरता भरताच नवा शिक्षक जुन्याकडून जे शिकतो ते कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

तेरातून नऊ

एका उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. जपानमध्ये पहिलीतल्या मुलांना दहाच्या पुढील वजाबाकी शिकवताना अनेकदा १३ − ९ या उदाहरणाने आरंभ करतात. झाडाला तेरा काकी लागली आहेत, नऊ तोडली, किती उरली? (काकी म्हणजे आपल्या हिमाचल प्रदेशात 'जपानी फळ' या नावाने विकले जाते ते नारिंगी फळ.) आता प्रश्न असा की, तेरा आणि नऊ हेच आकडे का?

आपल्या एखाद्या शाळेत चार शिक्षक या प्रश्नावर बसले आहेत, अशी कल्पना करा.

"गुरुजी, पहिलेच उदाहरण आहे. सोपे म्हणून १२ − ३ देऊ या की," एक तरुण बाई सुचवतात.

"देऊ या," वयस्क गुरुजी म्हणतात, "पण मूल ते कसे करील? बारातून एक गेला अकरा, दुसरा गेला दहा, तिसरा गेला नऊ. बोटांवर उलटे मोजील आणि मोकळे होईल. आपल्याला जे शिकवायचे आहे त्याची त्याला गरजच लागणार नाही."

"मग १४ − ७?"

"सात दुणे चौदा पाठ असलेले मूल लगेच सात म्हणेल. त्यालाही दशक फोडावे लागणार नाही."

"आणि १३ − ९?"

"नऊ वेळा उलटे मोजता मोजता मूल कंटाळेल आणि चुकेल. म्हणून ते दुसरी वाट शोधील. नऊ हे दहाच्या अगदी शेजारी. दहातून नऊ गेले, एक उरला. बाजूला ठेवलेले तीन त्यात मिळवले, चार झाले. दशक फोडायचे कशासाठी, हे त्याचे त्यालाच उमगेल."

"एखादे मूल आधी तीन काढून दहावर येईल, आणि मग राहिलेले सहा काढील. तेही बरोबरच ना?"

"बरोबरच. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी लिहायच्या आणि मुलांनाच विचारायचे, दोहोंत सारखे काय आहे?"

एवढ्या संवादात किती गोष्टी घडल्या पाहा. उदाहरणातला आकडा बदलला की मुलाचा विचार बदलतो, हे तरुण बाईंच्या ध्यानात आले. आपल्याकडे "तीनातून नऊ जात नाहीत, म्हणून दशकाच्या घरातून एक उसना घ्या" असे सूत्र देऊन आपण पुढे जातो. वस्तुतः १३ − ९ मध्ये दशक उसना घेतला तरी एककाच्या घरात पुन्हा तेराच होतात, आणि तेरातून नऊ काढण्याचा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. हे ज्या मुलाला पक्के आले नाही, ते पुढे ४३ − १९ करताना त्याच जागी अडते, आणि आपण त्याला "लक्ष नाही" म्हणून रागावतो.

आणखी एक गोष्ट. जपानी भाषेत तेराला 'ज्यू-सान', म्हणजे 'दहा-तीन' म्हणतात. त्यातला दहा मुलाला कानांनीच ऐकू येतो. आपल्या 'तेरा' या शब्दात तो लपलेला असतो. तेव्हा जपानचा पाठ जसाच्या तसा उचलून चालणार नाही. दहाची एक जुडी आणि तीन सुट्या काड्या आपल्या मुलांच्या हातात आधी द्याव्या लागतील. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' याबरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला, हे पुष्कळांना आठवत असेल. असे प्रश्न सभेतील वादापेक्षा वर्गातील मुलांपुढे ठेवून, त्यांची उत्तरे टिपून घेऊन अधिक चांगले सुटतात. पाठ-संशोधन हे अशा प्रश्नांसाठीच आहे.

डोळे मुलांकडे

प्रत्यक्ष पाठाच्या दिवशी जपानी शाळांत पुष्कळदा इतर वर्गांना लवकर सुट्टी देतात आणि सर्व शिक्षक त्या एका वर्गात जमतात. त्यांच्या हातात टाचणाची प्रत आणि मुलांच्या बैठकीचा नकाशा असतो. शिक्षक प्रश्न मांडतो आणि मुले आपापल्या वहीत तो सोडवू लागतात. शिक्षक बाकांमधून फिरून कोणी कोणती रीत वापरली ते टिपतो, आणि मग ठरावीक क्रमाने मुलांना फळ्याशी बोलावतो. त्यांच्या रीतींची तुलना, शंका, खंडन-मंडन याला तिकडे 'नेरिआगे' म्हणतात. मूळ अर्थ मळणे, तिंबणे. कणीक चांगली तिंबली म्हणजे पोळी मऊ होते, तसा विचार तिंबला म्हणजे पक्का होतो. फळ्यावर लिहिलेले सहसा मध्येच पुसत नाहीत. तासाच्या अखेरीस पाठाचा सारा प्रवास फळ्यावर डावीकडून उजवीकडे वाचता यावा, असा प्रयत्न असतो.

पाहणारे शिक्षक मुलांना मदत करीत नाहीत. ते मुलांकडे पाहतात. तिसऱ्या रांगेतल्या मुलीने प्रथम काय लिहिले, ते का खोडले, शेजाऱ्याचे ऐकून तिने रीत बदलली का, हे ते टिपतात. पाठ घेणाऱ्याचा आवाज बरा होता की नाही, साडी किंवा सदरा नेटका होता की नाही, या गोष्टींना तेथे स्थान नाही.

नंतरच्या चर्चेत पहिला बोलतो तो पाठ घेणारा शिक्षकच. काय ठरवले होते, काय घडले आणि कोठे फसले, हे तो स्वतः सांगतो. मग टाचण करणारे त्याचे सोबती, मग इतर, आणि शेवटी बाहेरून आमंत्रित केलेला एखादा जाणता अध्यापक. टीका स्पष्ट असते, परंतु पाठ सर्वांनी मिळून तयार केलेला असल्यामुळे दोष निघाला तर तो सर्वांचाच असतो. पाठ घेणाऱ्याने फक्त सर्वांच्या वतीने तो करून पाहिलेला असतो. सुधारलेला पाठ पुढे दुसऱ्या वर्गात दुसरा शिक्षक घेऊन पाहतो, आणि सारी हकीकत लिहून ठेवली जाते. पुढच्या वर्षीचा शिक्षक तेथून पुढे चालू लागतो.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

हा उपाय रामबाण आहे, असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील शाळांत या पद्धतीची मोठी चाचणी घेण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात मुलांच्या वाचनात व गणितात त्यामुळे प्रगती झाल्याचा पुरावा आढळला नाही. उलट, अमेरिकेत कॅथरीन ल्यूइस व रिबेका पेरी यांनी शिक्षकांच्या गटांना पाठ-संशोधनाबरोबर अपूर्णांकांवरील उत्तम अभ्यास-साहित्याचा संच दिला, तेव्हा शिक्षकांचे व मुलांचे दोघांचेही ज्ञान वाढलेले दिसले. दोन्ही प्रयोगांची परिस्थिती निराळी होती. तथापि एक बोध घेता येतो : नुसते एकत्र बसणे पुरेसे नाही. बसल्यावर हातात अभ्यासण्यासारखे काही असावे लागते. तेरा आणि नऊ यांवर खल केल्याखेरीज भरलेली सभा ही केवळ सभाच होय.

दुसरी गोष्ट वेळेची. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांतील शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करताना आढळले. पाहणीतील सर्व देशांत हा आकडा सर्वांत मोठा होता. शिक्षकाच्या पाठीवर आणखी एक ओझे म्हणून ही प्रथा लादली, तर तीही एक कागदी रकाना होऊन बसेल.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्या देशात हा विचार अगदीच नवा नाही. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) शेजारच्या शाळांनी मिळून 'शाळा-संकुल' करावे, त्यांच्या शिक्षकांनी एकत्र येऊन परस्परांना साह्य करावे, असे सुचवले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक. एका शाळेत दोनच शिक्षक असले की ते एकमेकांचे पाठ तरी कसे पाहणार, ही अडचण त्या योजनेने ओळखली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळा-संकुलाची कल्पना पुन्हा पुढे आणली आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले. महाराष्ट्रात आसपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र असते, केंद्रप्रमुख असतात, आणि शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र जमतात. म्हणजे जमण्याची जागा आहे, निमित्त आहे आणि तासही आहेत.

प्रश्न उरतो तो त्या तासांत काय करायचे हा. परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात ते गेले, तर शिक्षक रिकाम्या हातांनी घरी जातील. त्याऐवजी वर्षातून दोन वेळा, फक्त दोनच वेळा, एका पाठाला त्यांतला वेळ देता येईल. एका परिषदेत तो सर्वांनी तयार करावा, दुसरीत यजमान शाळेच्या खऱ्याखुऱ्या वर्गात तो घेऊन पाहावा, आणि दुपारी त्यावर बोलावे. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. काड्यांच्या जुड्या, फळा, खडू आणि टाचणाच्या काही प्रती एवढी सामग्री पुरते. अधिकाऱ्यांनी एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. त्या दिवशीच्या पाठावरून कोणाच्याही गोपनीय अहवालात एक अक्षर लिहू नये. ज्या क्षणी पाठाला गुण पडू लागतील, त्या क्षणी शिक्षक वर्षभर घोटून घेतलेला पाठ दाखवील आणि चुकणारी मुले मागच्या बाकावर बसवील. मग पाहण्यासारखे काहीच उरणार नाही.

पालकांनाही यात एक छोटासा वाटा आहे. त्या दुपारी मुलांना लवकर सुट्टी मिळाली तर "आज शाळेत शिकवलेच नाही" असे आपण म्हणू नये. मूल घरी आले की उत्तर किती आले हे विचारण्याआधी, "तू ते कसे काढलेस?" असे विचारून पाहावे. वर्गात शिक्षक ज्याचा शोध घेत आहेत, त्याचाच तो घरातला शोध होईल.

आरंभी ज्या बाई माजघरात टाचण लिहीत होत्या, त्यांच्याकडे पुन्हा एकदा वळू या. त्यांना ज्ञान कमी नाही, कळकळ तर मुळीच कमी नाही. उणीव आहे ती शेजारी बसून "बाई, बारातून तीन का? तेरातून नऊ का नको?" असे विचारणाऱ्या एका सोबत्याची. तो सोबती कदाचित तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत याच वेळी, याच घटकाचे, असेच टाचण लिहीत बसला असेल. त्या दोघांच्या वह्या एका टेबलावर येतील अशी तजवीज करणे, एवढेच काम आहे. त्याचे फळ ज्या मुलाला मिळेल, त्याला या दोघांची भेट झाली होती हे कदाचित कधीच कळणार नाही. त्याला एवढेच जाणवेल की, तेरातून नऊ गेले तर चार का उरतात, हे आपल्याला कळले आहे.